क्रेमोनाचं व्हायोलिन म्युझियम: महागडी व्हायोलिनं बघाच, पण साच्यांसमोर जास्त वेळ थांबा

आमच्याकडे आजोबांचं एक व्हायोलिन आहे, त्याच्या पोटात एक पिवळं पडलेलं लेबल आहे आणि त्या लेबलवर लॅटिनमध्ये छापलंय की हे अंतोनिओ स्ट्रॅडिव्हारीने, म्हणजे जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या व्हायोलिन कारागिराने, इटलीतल्या क्रेमोनात 1721 साली बनवलं. आजोबांनी ते 1956 ला गिरगावात एका जुन्या सामानवाल्याकडून घेतलेलं. माझ्या काकांचा आयुष्यभराचा ठेका, "विकलं तर डेक्कनला दोन फ्लॅट येतील." त्याच लेबलच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात मेड इन झेकोस्लोव्हाकिया असंही आहे, पण ती ओळ आमच्या घराण्यात कोणी कधी मोठ्याने वाचलेली नाही.

म्युनिकला येऊन सहा वर्षं झाली, लेक इथे वेस्टर्न व्हायोलिन शिकते, मी लहानपणी पुण्यात सरांकडे हिंदुस्तानी शिकले आणि मग नोकरी-संसारात सोडलं ते सोडलंच. गेल्या वर्षी भारतातून येताना आजोबांचं व्हायोलिन घेऊन आले. तर या मे महिन्यात ठरवलं की एकदा क्रेमोनाला जाऊन येऊ, लेबलवरचं गाव तरी बघू. म्युनिकहून वेरोनापर्यंत ट्रेन, मग मांटोव्हा, मग क्रेमोना, दोनदा गाडी बदलायची. मिलानहून येणार असाल तर सोपं आहे, तासाभराच्या वर थोडं.

म्युझियम पलाझ्झो देल आर्ते नावाच्या विटांच्या मोठ्या इमारतीत आहे, स्टेशनपासून चालत जाता येतं. 2013 ला हे या इमारतीत सुरू झालं. बाहेरून एखाद्या सरकारी ऑफिससारखं दिसतं त्यामुळे नवऱ्याचा चेहरा तिथेच पडला. आत गेल्यावर मात्र तोच सगळ्यात जास्त वेळ रेंगाळला, कारण सुरुवातीला व्हायोलिन बनतं कसं ते दाखवलंय आणि त्याला लाकूडकामाचं भयंकर वेड. वरची पाटी स्प्रूसची, मागची मेपलची, बाजूच्या पट्ट्या जेमतेम मिलिमीटरभर जाडीच्या आणि त्या गरम लोखंडावर दाबून वाकवायच्या, असे सगळे मिळून सत्तरहून जास्त तुकडे. क्रेमोनाच्या या कारागिरीला 2012 ला युनेस्कोने वारसा म्हणून मान्यता दिली. आजही त्या एवढ्याशा गावात दीडशेच्या आसपास वर्कशॉप आहेत, म्हणजे आपल्याकडे मिरजेला सतारमेकर गल्ली आहे ना, तसं अख्खं गावच.

मला तिथे एक धक्का बसला तो सांगते. व्हायोलिनच्या कडेने जी काळी दुहेरी रेघ दिसते ती मी इतकी वर्षं नक्षी समजत होते. ती नक्षी नाहीये, तीन पातळ पट्ट्या, काळी-पांढरी-काळी, कडेने खाच कोरून आत बसवलेल्या असतात. कडेला तडा गेला तर तो तिथे अडतो, पाटीत पुढे सरकत नाही. हॉटेलवर गेल्यावर आजोबांचं व्हायोलिन मोबाईलच्या टॉर्चखाली धरलं. रेघ रंगवलेली. चक्क ब्रशने, एका कोपऱ्यात तर हात हललेला पण दिसतो. काकांना अजून सांगितलेलं नाही.

आता मुख्य गोष्ट. सगळे लोक जातात त्या खजिन्याच्या खोलीकडे, आणि जायलाच हवं, तिथे आंद्रेआ आमाती या गावातल्या पहिल्या मोठ्या कारागिराचं साधारण 1566 चं व्हायोलिन आहे जे फ्रान्सच्या नवव्या चार्ल्स राजासाठी बनवलेल्या वाद्यांपैकी आहे, मागच्या बाजूला राजचिन्हं रंगवलेली, आता पुसट झालीत. साडेचारशे वर्षांचं वाद्य आणि आकार अगदी आत्ताचाच! म्हणजे पहिल्याच फटक्यात या माणसांना जे सापडलं त्यात पुढे कोणाला फार काही बदलावंसं वाटलं नाही. तिथेच 1715 चं स्ट्रॅडिव्हारीचं "इल क्रेमोनेसे", जे एकेकाळी योआखिम या मोठ्या वादकाकडे होतं आणि 1961 ला गावाने परत विकत घेतलं. ग्वार्नेरी देल जेझू या गावातल्याच दुसऱ्या कारागिराचं 1734 चं पण आहे. काचेच्या पेट्या, मंद लाईट, लोक कुजबुजत बोलतात, आपल्या गाभाऱ्यात बोलतात तसं. लेकीने पंधरा मिनिटांत "झालं?" विचारलं.

मी मात्र अडकले पुढे, स्ट्रॅडिव्हारीच्या वर्कशॉपमधलं सामान ठेवलंय तिथे. सामान म्हणजे काय, लाकडाचे साचे, कागदाचे नमुने, हत्यारं, चिठ्ठ्या, सातशेहून जास्त वस्तू. साचा म्हणजे व्हायोलिनच्या आकाराची एक फळी, तिला कडेने सहा खाचा, त्या खाचांत लाकडाचे ठोकळे तात्पुरते चिकटवायचे आणि त्या ठोकळ्यांवरून बाजूच्या पट्ट्या वळवायच्या. सगळं वाळलं की साचा काढून घ्यायचा आणि पुढचं व्हायोलिन करायला घ्यायचं. मापाप्रमाणे साच्यांवर त्याने अक्षरं घातलीत, जी, पीजी, बी वगैरे, आपला शिंपी कागदी पॅटर्नवर खूण करून भिंतीला लटकवतो तसंच. मी एका कागदी नमुन्यासमोर नाक लावून उभी राहिले तर त्यात कंपासच्या टोकाची बारीक भोकं दिसतात. तीनशे वर्षांपूर्वी त्या माणसाने तिथे कंपास टेकवला, गोल फिरवला आणि उचलला. त्या बंद पेटीतल्या कोट्यवधींच्या व्हायोलिनकडे बघून मला काही झालं नव्हतं, इथे मात्र डोळ्यात पाणी आलं, का ते विचारू नका.

हे सामान इथे आलं कसं ही गोष्ट मला स्वतः व्हायोलिनपेक्षा भारी वाटते. स्ट्रॅडिव्हारी गेला 1737 ला. मुलगे दोघं धंद्यात होते, ते पण थोड्या वर्षांत गेले. उरला आणखी एक मुलगा पाओलो, तो कापडाचा व्यापारी. त्याने 1775-76 च्या सुमारास सगळं किडूकमिडूक काउंट कोझिओ नावाच्या विशीतल्या एका शौकीन सरदाराला विकून टाकलं. म्हणजे साचे क्रेमोनातून बाहेर. मग पिढ्यान्पिढ्या एका सरदार घराण्यात पडून, आणि इकडे क्रेमोनात व्हायोलिन बनवण्याची परंपराच जवळजवळ बसली. सान दोमेनिको चर्च, जिथे स्ट्रॅडिव्हारीला पुरलेलं, ते सुद्धा गावाने 1869 ला पाडून टाकलं, आता तिथे बाग आहे आणि त्याच्या नावाचा एक दगड. आपणच वारसा पाडतो असं वाटतं ना, तसं नाहीये.

आणि इथे येतो जुझेप्पे फिओरिनी. हे नाव मी आधी ऐकलं पण नव्हतं. जन्म 1861, बोलोन्याजवळच्या बाझ्झानोचा, बाप राफाएले पण व्हायोलिन बनवणारा. 1889 च्या सुमारास हा म्युनिकला आला, इथल्याच एका व्यापाऱ्याच्या मुलीशी लग्न केलं, सासऱ्याबरोबर दुकान टाकलं. आमच्या म्युनिकला! जर्मन व्हायोलिन मेकर लोकांची संघटना उभी राहिली त्यात हा इटालियन माणूस पुढे होता. मग पहिलं महायुद्ध, इटली विरुद्ध बाजूला, त्यामुळे गाशा गुंडाळून झुरिक. आणि 1920 मध्ये या माणसाने त्या सरदार घराण्याकडून स्ट्रॅडिव्हारीचं सगळं सामान विकत घेतलं, 1 लाख लिरा मोजून. कोणी राजा नाही, उद्योगपती नाही, स्वतः कारागीर, हाताला भुसा लागलेला.

घेऊन काय केलं? साचे स्वतः अभ्यासले, त्यावरून वाद्यं केली, विद्यार्थ्यांना शिकवलं, आन्साल्दो पोज्जी हा पुढे फार नावाजलेला कारागीर त्याच्याच हाताखालचा. पण मनात एकच, की या वस्तू कोणाच्या कपाटात नकोत, यांच्या जोरावर इटलीत व्हायोलिन बनवायची शाळा निघाली पाहिजे. 1930 ला त्याने सगळं क्रेमोनाला देऊन टाकलं. विकलं नाही, दिलं. 1934 ला म्युनिकमध्ये वारला. 1937 ला स्ट्रॅडिव्हारीच्या मृत्यूला दोनशे वर्षं झाली तेव्हा गावात मोठं प्रदर्शन झालं आणि 1938 ला शाळा सुरू झाली. चार वर्षांनी हुकली त्याची. ती शाळा अजून चालू आहे, जगभरातून पोरं येतात तिथे.

मी आपल्या गाण्यातल्या घराण्यांचा विचार करत होते. आपल्याकडे चीज, म्हणजे बंदिश, देताना हात आखडणारे काय कमी होते? अंतरा शिष्याला नाही द्यायचा, तो जावयाला द्यायचा. आणि हा बाबा लाखभर लिरा घालून गुरूच्या गुरूची वही विकत घेतो आणि शाळेच्या टेबलावर ठेवतो की घ्या रे, उतरवून घ्या. म्युझियम बघायला जाणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवून जा, मग ते साचे वेगळे दिसतात.

नवऱ्याने इथे वाद घातला की मग नवीन व्हायोलिनं जुन्याइतकी चांगली का नाहीत. अहो पण कोण म्हणालं नाहीत? 2012 ला पॅरिसजवळ 10 नामांकित सोलो वादकांना काळे गॉगल घालून जुनी इटालियन आणि नवीन वाद्यं वाजवायला दिली होती, त्यातल्या 6 जणांनी दौऱ्यावर न्यायला नवीन निवडलं. आणि ते वॉर्निशचं रहस्य रहस्य म्हणतात, त्यावर 2009 ला फ्रेंच संशोधकांनी पाच स्ट्रॅडिव्हारी तपासून सांगितलं की तेल, पाइनची राळ आणि त्या काळात सगळेच वापरायचे ते रंग. नवरा गप्प. म्युझियममध्येच पुढे तीन वर्षांतून एकदा होणाऱ्या स्पर्धेत सुवर्णपदक मिळालेली आजच्या कारागिरांची वाद्यं लावलेली आहेत, तिथे त्याला उभं केलं आणि म्हटलं बघ.

ऑडिटोरियमसाठी वेगळं तिकीट काढा, पैसे वाचवू नका. काचेच्या पेटीतलं एखादं जुनं वाद्य बाहेर काढून कोणीतरी वादक अर्धा-पाऊण तास वाजवतो. हॉल साधारण 460 खुर्च्यांचा, स्टेज मधोमध आणि लोक सगळ्या बाजूंनी, सगळं लाकूड, एक भिंत सरळ नाही, आपण व्हायोलिनच्या आतच बसलोय असं वाटतं. ध्वनीचं काम यासुहिसा टोयोटा यांचं, हॅम्बुर्गच्या एल्बफिलहार्मोनी या संगीत सभागृहाचं काम ज्यांनी केलं तेच. बाख होता. वादकाने शेवटचा स्वर सोडला आणि गज उचलून धरला तेव्हा तो स्वर कुठे संपला आणि शांतता कुठे सुरू झाली ते सांगता येत नव्हतं, मग मागे कोणीतरी खोकलंच, ते असतंच. 2019 च्या जानेवारीत इथल्या वाद्यांचे आवाज एक एक स्वर करून रेकॉर्ड करायचे होते तेव्हा महिनाभर आजूबाजूच्या रस्त्यांवर गाड्या बंद केलेल्या आणि गावाला सांगितलं होतं की बाबांनो आवाज करू नका. आणि गावाने ऐकलं! आपल्याकडे परीक्षेच्या काळात लाउडस्पीकर बंद होत नाही.

आता गावातल्या एका व्हायोलिन बनवणाऱ्या बाईच्या वर्कशॉपबद्दल, कारण खरं तर मी त्यासाठीच व्हायोलिन बरोबर नेलं होतं. नाव देत नाही, ती बाई तशी एकटी काम करते आणि तिला गर्दी नकोय. मूळची युरोपबाहेरची, याच शाळेत शिकायला आली आणि राहिली, दिवसा वाद्यं बनवते आणि आठवड्यातल्या दोन संध्याकाळी मुलांना शिकवते. ईमेल करून वेळ घेतली होती. खोली लहान, तारेला टांगलेली वॉर्निश न केलेली पांढरीफटक व्हायोलिनं, सरसाचा वास. तिने लेबल वाचलं, मोठ्याने वाचलं, सगळं, खालच्या ओळीसकट, आणि हसली नाही. फक्त म्हणाली, असं वाचून खूप लोक माझ्याकडे येतात.

मग दंतवैद्याकडे असतो तसा छोटा आरसा आणि बारीक दिवा एफच्या आकाराच्या भोकातून आत घातला आणि एकदम थांबली. मला बोलावलं, बघ म्हणाली. आत एक काडी उभी असते पेन्सिलीएवढी, साउंड पोस्ट, वरची पाटी आणि खालची पाटी यांच्यामध्ये, ती कधीच चिकटवायची नसते, तारांच्या दाबाने नुसती अडकून उभी राहते. इटालियनमध्ये तिला आनिमा म्हणतात, आत्मा. तर आमच्या व्हायोलिनचा आत्मा खाली आणि वर दोन्हीकडे पांढऱ्या गोंदाने चिकटवलेला होता. सुतारकामाचा गोंद, कोणता ते तुम्हाला माहितीये. मी भारतात असताना एका दुकानात दुरुस्तीला दिलेलं, "साउंड पोस्ट पडतो सारखा" म्हणून, त्यांनी कायमचा इलाज केला होता. आणि मी तेव्हापासून विचार करत होते की आवाज असा गोणीत बांधल्यासारखा का येतो. व्हायोलिनला सरस वापरतात तो मुद्दाम, कारण गरम पाण्याने-वाफेने सुटतो, उद्या कोणाला उघडायचं झालं तर उघडता आलं पाहिजे. हा गोंद तसा सहज सुटत नाही.

तिने तास लावला. इंग्रजी एस सारखं वाकडं एक हत्यार असतं ते भोकातून घालून, थोडं थोडं ओल करून, खरवडून, शेवटी टक् करून काडी सुटली तेव्हा आम्ही दोघी एकदमच हुश्श म्हणालो, तिच्या भाषेत काय म्हणाली माहीत नाही पण हुश्शच होतं ते. मग नवीन काडी कापायला घेतली तेव्हा विचारलं की वाजवतेस कशी. मी जमिनीवर मांडी घालून बसले, व्हायोलिनचं डोकं उजव्या पावलावर टेकवलं, तारा उतरवून प सा प सा ला लावल्या. ती हातातलं काम ठेवून खाली माझ्या समोर येऊन बसली. भूपची एक सरगम वाजवली, हात बसलेला नाही, मींड घसरली, पण ती माझ्याकडे नाही, पाटीकडे बघत होती. म्हणाली तारा एवढ्या सैल लावत असशील तर पाटीवर दाब कमी पडतो, म्हणून तुझा पोस्ट पडायचा, तुला केसभर लांब काडी हवी. बास. एवढं साधं. इतक्या वर्षांत कोणी विचारलं नव्हतं की तारा कशाला लावतेस. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचे पाय पण थोडे घासून पाटीला नीट बसवून दिले. हे सगळं 40 युरोत, आणि मी जास्त द्यायला गेले तर लेकीला गजाला घासायची एक राळेची वडी दिली वर.

लेकीने तिला विचारलं की हे व्हायोलिन खोटं आहे का. ती म्हणाली लेबल खोटं आहे, व्हायोलिन खरं आहे, कोणीतरी हाताने कोरलंय, घाईत कोरलंय. घाईत हे कसं कळलं म्हणून विचारलं तर आरशातून आतली बाजू दाखवली, पाटीच्या आत छिन्नीचे घाव तसेच सोडलेले, घासायला वेळ नव्हता त्या माणसाला. झेकोस्लोव्हाकियाच्या बोहेमिया भागातल्या खेड्यांमधून घराघरात असे भाग बनायचे, कोणी नुसते डोके कोरायचा, कोणी पाट्या.

बाकी गावाबद्दल पटकन. तोर्रात्सो हा 112 मीटरचा विटांचा मनोरा आहे, 502 पायऱ्या, नवरा आणि लेक चढले, मी खाली कॉफी प्यायले. तोर्रोने म्हणजे मध-अंड्याचा पांढरा बलक-बदाम यांची वडी, आपल्या चिक्कीची श्रीमंत आत्तेबहीण, कडक आणि मऊ दोन्ही मिळते, दातांचं काम केलेलं असेल तर मऊ घ्या. मोस्तार्दा नावाने जे मिळतं ते पाकातलं फळ असतं आणि त्याला मोहरीचा झटका असतो, मुरंब्यात कोणीतरी चुकून लोणच्याचा मसाला घातल्यासारखं, मला आवडलं, घरात बाकी कोणी खात नाही. हॉटेल आम्ही स्वस्तातलं घेतलं आणि पस्तावलो, नाव घेत नाही पण स्टेशनजवळचं होतं आणि गाद्या स्ट्रॅडिव्हारीच्या काळातल्या होत्या.

म्युझियमला पाचपैकी पाच, वर्कशॉपला सहा. जाताना तीन गोष्टी: सोमवारी जाऊ नका, बंद असतं, वादनाच्या वेळा आधी साईटवर बघून त्याप्रमाणे दिवस ठरवा, ते रोज नसतं, आणि लहान मूल असेल तर आधी खायला घाला मग आत न्या, ही चूक आमची, म्युझियमची नाही.

परत आल्यावर सरांना व्हिडिओ कॉल केला, वय झालंय आता, ऐकू कमी येतं. खर्जाचा सा लावला आणि नुसता धरून ठेवला. सर कानाला हात लावून पुढे वाकले आणि म्हणाले, "हे तेच का गं, आजोबांचं? आणि मांडी का हलतेय तुझी? सरळ बस."